मागे राहिलेला डाग

गच्चीवरच्या दुर्बिणीनं पांढऱ्या कागदावर सूर्याचं प्रतिबिंब पाडलं होतं. कुमुदिनीबाईंनी त्यावर बोट ठेवलं. “अहो, हे दोन डाग गेल्या आठवड्यात वरखाली एका रेषेत होते ना?”

“सूर्य म्हणजे वायूचा गोळा. पोटाशी भरभर फिरतो, डोक्याकडे रमतगमत. म्हणून खालचा डाग पुढे गेला,” निवृत्त खगोलशास्त्रज्ञ सरपोतदार म्हणाले.

“आणि वरचा मागे राहिला. आपल्यासारखंच की!” बाई हसल्या.

सरपोतदारांना हसू आलं नाही. लग्नापासून रस्त्यानं ते कायम चार पावलं पुढे. ताऱ्यांचे वेग मोजण्यात जन्म गेला. मागे वळून बघायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी देवळाकडे जाताना ते मुद्दाम थांबले. बाईंनी शेजारी यावं म्हणून. मागची पावलंही थांबली.

“चप्पल तुटली का हो?” बाईंनी तिथूनच विचारलं. “सावकाश बघा. मी थांबलेय इथंच.”