कुठल्या घरी?

पोशट्टीच्या आजोबांनी इंग्रजांच्या काळात तेलंगणातून जाऊन मुंबईचा समुद्र बुजवायला माती वाहिली. पोशट्टीचा जन्म गेला ती तिथली कामाठ्यांची, म्हणजे तेलुगू मजुरांची, चाळ पाडली, तेव्हा म्हातारा पोशट्टी बायको नरसूबाईला घेऊन ‘आपल्या’ हैदराबादला, चिक्कडपल्लीत पुतण्याकडे आला. त्याचं मराठी मिसळलेलं तेलुगू ऐकून भाजीवाल्यापासून पुतण्याच्या पोरांपर्यंत सगळे हसत. हळूहळू त्यानं बोलणंच सोडलं. मग अर्धांगाचा झटका आला आणि वाचाच गेली. कोठी भागातल्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “अम्मा, इनसे इनकी जबान में बातां करते रहो.” नरसूबाई रोज बोलत राहिली, चाळीतल्यासारखं, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. डबा घेऊन आलेली पुतण्याची बायको, लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून, खोलीचं दार लोटून घेई. एका सकाळी त्याचे डोळे भरलेले पाहून नरसूबाई म्हणाली, “रडू नका हो. बरं वाटलं की घरी जाऊ आपण.” त्याचे ओठ कष्टानं हलले. “कुठल्या?” नरसूबाई नुसतं त्याचं तोंड पुसत राहिली.