मनोऱ्यातली खाच

“धुकं आलं की घंटा वाजव, आई. मधे थांबू नकोस. आम्ही आवाज धरून येतो.”

होडीचा दोर सोडता सोडता ॲम्ब्रोज म्हणाला होता. मेलिनाने “वाजवीन” म्हटलं होतं. त्याला छत्तीस वर्षं झाली. अजूनही धुकं उतरलं की चर्चची घंटा वाजवून आल्याशिवाय ती तोंडात घोट घेत नाही.

आज सकाळी खाडीवर स्वच्छ ऊन होतं. बंद पडलेल्या शाळेत हॅगडाउन गाव जमलं होतं. गाव म्हणजे सगळी मिळून एकोणतीस माणसं. टेबलावर चहा, काकवीचे बन आणि मतपेटी. गाव सोडून पलीकडच्या मोठ्या गावी जायचं की नाही, ते आज ठरणार होतं. चारांतल्या तिघांनी ‘हो’ म्हटलं की सरकार तिकडे घरं देणार. मग इथली बोट बंद, वीज बंद. मागच्या खेपेला एक मत कमी पडलं होतं. कुणाचं, ते कुणी बोलत नव्हतं.

कोरिना बोलली. तिच्या मांडीवर तिची सात वर्षांची मुलगी जेसा होती. पोरीच्या छातीतली घरघर दोन बाकांपलीकडे ऐकू येत होती.

“मावशी, फेब्रुवारीत हिचे ओठ निळे पडले तेव्हा तुम्ही दिवसभर घंटा वाजवलीत. हेलिकॉप्टर धुक्यात दोनदा वरच्यावर फिरून परत गेलं. घंटा ऐकून हेलिकॉप्टर उतरत नाही.”

मेलिना आपल्या हातांकडे बघत राहिली.

राजधानीहून, सेंट जॉन्सहून आलेल्या सरकारी बाईने घाईघाईने फळ्यावर एक कागद डकवला. “हा तुमच्या गावाच्या लोकसंख्येचा मनोरा. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. एकेक पट्टी पाच-पाच वर्षांची. तान्ही मुलं सगळ्यांत खाली, म्हातारी माणसं वर. जिथं मुलं भरपूर असतात, त्या देशाचा मनोरा खाली रुंद असतो. ख्रिसमसच्या झाडासारखा.”

“आमचं झाड कुणी उलटं लावलं?” गारलँडकाकाने विचारलं.

“सर्वांत वरची पट्टी तुमची, काका.”

“बघा! जन्मात एकदा तरी पहिला आलो.”

सगळे हसले. मग जो तो कागदावर आपल्याला शोधू लागला. माणसं इतकी थोडी की पट्टीवर नाव लिहायची गरजच नव्हती.

हसण्याने बाईला धीर आला. तिने हातातली फूटपट्टी कागदावर टेकवली. “ही खाच बघा. पंचावन्न ते साठचा एकही पुरुष नाही. कामासाठी बाहेर गेले असतील ना? तिकडे अल्बर्टाला, तेलाच्या खाणींवर?”

चहाचे कप होते तिथेच थांबले.

“नाही, पोरी,” गारलँडकाका म्हणाला. “ते एका होडीत होते.”

बाईचा चेहरा उतरला. ती कागद काढायला लागली, तशी मेलिना उठली.

“राहू दे.” ती फळ्यापाशी गेली, चष्मा पुसून पुन्हा चढवला. “आणि ही? इथं खालीसुद्धा खाच आहे.”

“तिशीच्या आसपासची.” बाई चाचरली. “वरची खाच खाली उमटते. म्हणजे, जे राहिले नाहीत, त्यांची मुलं आज या वयाची असती.”

मेलिनाने त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. छत्तीस वर्षं तिने त्या होडीतल्या पाच पोरांसाठी प्रार्थना केली होती. हे कधी मोजलं नव्हतं. त्या जागेत एकच बारीकशी पट्टी होती, बायकांच्या बाजूला.

“ही कोण?”

“मी,” मागून कोरिना म्हणाली.

मेलिनाला धक्क्यावरची छोटी कोरिना आठवली. तासन् तास एकटीच मासळीच्या खोपटाच्या भिंतीवर चेंडू मारायची. तेव्हा वाटायचं, पोर घुमी आहे.

बोट खाली सरकत अगदी तळाशी आलं. तिथेही एकच पट्टी. नखाएवढी.

“ही जेसा,” ती स्वतःशीच म्हणाली. “हीसुद्धा एकटीच.”

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. मेलिनाने भिंतीकडे तोंड करून पेन्सिल टेकवली, चिठ्ठीची चौघडी केली, पेटीत टाकली. परत येताना ती कोरिनाच्या बाकापाशी थांबली. जेसाच्या गळ्यातला मफलर तिने नीट केला.

“हिचं जाड टोपडं सामानात खाली बांधू नकोस. वरच ठेव. बोटीवर वारा फार बोचतो.”

कोरिनाने तिच्याकडे पाहिलं. मग तिचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

चिठ्ठ्या मोजून होईपर्यंत खिडकीबाहेर उजेड मळका झाला होता. धक्का दिसत नव्हता. चर्चचं टोक तेवढं दिसत होतं, तेही हळूहळू पुसलं गेलं.

“मेलिना,” गारलँडकाका हलकेच म्हणाला. “आता कुणाच्या होड्या बाहेर नाहीत. आणि आता तर आपणही इथं राहणार नाही.”

“आज आहे ना मी.”

तिने चहाचा कप न उष्टावता खिडकीत ठेवला. शालीला गाठ मारली, दार आवाज न करता ओढून घेतलं आणि कठड्याला धरून चर्चची वाट चढू लागली.