‘ये’चं बटण

मागच्या खोलीतून टूं असा आवाज आला. शेवंतीने हातातला बोंबील टोपात टाकला आणि ती विळीवरून उठली. हात लुगड्याला पुसत आत गेली.

तिचा नवरा धाकू खाटेवर होता. गेल्या वर्षी खाडीवर जाळं ओढताना त्याला झटका आला, तेव्हापासून त्याचे डोळे आणि उजव्या हाताचं एक बोट एवढंच हलत होतं. वाचाही गेली होती. त्या बोटाखाली माऊस ठेवून त्यांच्या लेकीने, मालूने तो पट्टीने फळीला बांधला होता. समोर स्टुलावर तिचा जुना कॉम्प्युटर. पडद्यावर मोठमोठे शब्द: पाणी, कूस, दुखतं, हो, नाही, ये. एक पिवळी चौकट एकेका शब्दावरून सरकत जायची. हव्या त्या शब्दावर ती आली की धाकूने बोट दाबायचं.

आत्ता ‘ये’ उजळला होता.

“काय? पाणी देऊ?”

चौकट फिरत फिरत ‘नाही’वर आली. टूं.

“कूस बदलू?”

चौकट पुन्हा सगळे शब्द हिंडून आली. नाही.

“मंग काय?”

धाकू तिच्याकडे बघत राहिला. ती थोडा वेळ उभी राहिली, मग परत विळीवर येऊन बसली. बोंबील हातात घेतला तोच टूं झालं.

रविवार होता, मालू घरी होती. खोपट भागातल्या एका क्लासमध्ये ती कॉम्प्युटर शिकवायची. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून तिने लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम चढवली आणि हा प्रोग्राम स्वतः लिहिला. त्याला मराठी अक्षरं येत नव्हती, म्हणून एकेक शब्द चित्रासारखा काढून बटणावर चिकटवला. धाकूने पहिल्यांदा ‘पाणी’ दाबलं, त्या दिवशी अख्खा कोळीवाडा दारात जमला होता. शेजारच्या गोदूबाईने तर मालूची दृष्ट काढली.

आत जाऊन आलेली शेवंती या वेळी विळीवर बसली नाही. मालूजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, “त्या दिवशी तू काय बोललीस? यातली बटणं कुणी बनवलीत?”

“लोकांनीच, आये. कुठल्या कुठल्या देशातल्या. खिडक्या, बटणं सगळी तयार मिळतात. त्यावरच कोणी चित्रं काढायचा प्रोग्राम करतो, कोणी लिहायचा. आणि आतलं सगळं उघडं ठेवतात.”

“मंग कुणालाही त्यात बदल करता येतो?”

“हो. कोणालाही.”

“तर मग ते ‘ये’ काढून टाक.”

मालूला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “अगं, सगळ्यात जास्त तो तेच दाबतो.”

“म्हणून तर.”

“आये, वर्षभर त्याला कुणाला हाक मारता येत नव्हती.”

“वर्षभर मी निदान दारात तरी बसायची,” शेवंती म्हणाली. “बाजारात जाऊन यायची. मना वाटायचं, तो झोपलाय. आता कळतंय, सारा वेळ जागाच असतो.” तिने आतल्या दाराकडे पाहिलं. “तू सकाळी जातेस ती दिवेलागणीला येतेस. मी दार लावून मोरीत बसली तरी ते टूं टूं ऐकू येतं. वाजलं नाही तरी ऐकू येतं.”

मालू आत गेली आणि तिने प्रोग्राम उघडला. ‘ये’ची ओळ सापडायला वेळ लागला नाही. ती ओळ खोडणं सोपं होतं, पण कॉम्प्युटर एकच होता आणि धाकू पडद्याकडेच बघत होता.

तिने हात मागे घेतला, शब्दांची खिडकी पुन्हा समोर आणली आणि त्याच्या उशाशी बसली.

“बा, आये दमलीय रे. हे ‘ये’ काढ म्हणते. काढू?”

पिवळी चौकट पाण्यावरून गेली, कुशीवरून गेली, ‘हो’वरून गेली. ‘नाही’वरूनही गेली. धाकूचं बोट हललं नाही. चौकट अशीच फिरत राहिली. मालू उठणार होती, तेवढ्यात टूं झालं.

हो.

दारात उभ्या असलेल्या शेवंतीला तिथून पडदा दिसत नव्हता, पण मालूचा चेहरा दिसत होता. ती तिथून निघून गेली. मालूने ओळ खोडली. खिडकी पुन्हा उघडली तेव्हा ‘ये’च्या जागी नुसता करडा चौकोन होता.

शेवंतीने बोंबील धुऊन झाकून ठेवले, तोंडावर पाणी मारलं, कोपऱ्यातली पिशवी उचलली. “मालू, चंद्रभागेकडं जाऊन येते गं,” ती बाहेरच्या दारातून म्हणाली. बहिणीचं घर वाड्याच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथं ती कित्येक महिन्यांत गेली नव्हती.

एक चप्पल पायात, एक बाहेर, इतक्यात टूं झालं.

मालूने पडद्याकडे पाहिलं. ‘दुखतं’ उजळला होता. हा शब्द धाकूने आजवर कधी दाबला नव्हता.

“कुठं, बा?” तिने हळूच विचारलं. “पाठीत? पायात?”

नाही. नाही.

“काय म्हणतोय?” बाहेरून शेवंतीने विचारलं. ती पुन्हा आतल्या दाराशी येऊन थांबली होती. एक पाय अनवाणी.

मालूने धाकूच्या बोटावर आपला हात ठेवला.

“काही नाही. पंखा लाव म्हणतो. तू जा.”

शेवंतीने वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता.

ती दाराशी गेली, दुसरी चप्पल घातली आणि बाहेर पडली.