दाबून बसवायचं नाही

उज्ज्वलाताईंनी साडीच्या पिशवीतून लेकीचा नवा मदरबोर्ड काढून काउंटरवर ठेवला, तसा दुकानदार हसला. "काकू, अख्खा बोर्ड कशाला आणलात? फोनवर सांगितलं असतं तरी रॅम दिली असती."

"तुम्ही लावून दाखवा."

त्याने रॅमची एक पट्टी काढली, बोर्डावरच्या फटीवर टेकवली आणि अंगठ्याने दाबायला लागला. ती बसेना. "नवा आहे ना, जोर लागतो थोडा."

"जोर लावू नका." त्यांनी त्याचा हात बाजूला केला, पट्टी फटीला लावून धरली आणि चष्मा सावरून निरखलं. पट्टीची खाच फटीतल्या उंचवट्यापासून केसभर सरकलेली होती. "ही याची नव्हे. दुसरी काढा."

दुकानदाराने बोर्डावरची बारीक अक्षरं वाचली आणि ओशाळला. "हात सवयीने जुन्या रॅमकडेच गेला." दुसरी पट्टी टक्कन बसली.

"कॉम्प्युटरचं कुठे शिकलात, काकू?"

"त्यातलं मला ओ की ठो कळत नाही," त्या बोर्ड पिशवीत ठेवत म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं मॅचिंग सेंटर चालवतेय. साडी न आणता नुसता रंग सांगणाऱ्या बाईला मी ब्लाउजपीस फाडून देत नाही."