खिळ्यांचा पट्टा

बिबट्या थेट मानगूट धरतो, म्हणून वनखात्यानं कवठे येमाईच्या शेतकऱ्यांना गळ्यात घालायला खिळ्यांचे पट्टे वाटले. सोपानरावांनी आपला पट्टा तसाच खुंटीला टांगला. "मी काय कुत्रं हाय व्हय?" असं पारावर चारचौघांत ठणकावून बी आले.

त्यांच्या कुत्र्याच्या, वाघ्याच्या गळ्यात मात्र तसला पट्टा तीन वर्षांपासून होता. आज नेमकी त्याची शिवण उसवली. त्यांची बायको धुरपदा दाभण घेऊन तो शिवायला बसली आणि सोपानराव उसाला पाणी द्यायला निघाले. वाघ्या उंबऱ्यावरच फतकल मारून बसला. ओढून पाहिलं, शिव्या घातल्या, भाकरी दाखवली, तरी गडी जागचा हलेना.

"भित्रं कुठलं!"

"तुमच्यापरीस अक्कल हाय त्याला," म्हणत धुरपदा उठली. खुंटीवरचा नवा पट्टा काढून तिनं वाघ्याच्या गळ्यात अडकवला. त्यासरशी वाघ्या शेपूट वर करून उसाच्या वाटेला लागला.

सोपानराव त्याच्या मागोमाग बांधापर्यंत गेले. चिखलात पंजाचे ताजे ठसे उमटले होते. वाघ्यानं ते हुंगले, मान ताठ केली आणि खुशाल पुढं गेला. सोपानरावांचा हात मात्र आपसूक स्वतःच्या गळ्याकडं गेला. ते आले तसे माघारी फिरले.

"अगं, त्याचा जुना पट्टा शिवून झाला का?"

"झालाय की," धुरपदा दातानं दोरा तोडत म्हणाली. "पर वाघ्याला इचारून घाला."