डावीकडच्या पट्ट्या

"लोकशाहीत शेवटचा शब्द जनतेचा असतो," चेअरमन जयसिंग आबांनी उभं राहून जाहीर केलं. "जनता म्हणंल तसं!"

"जनता कुठं हाय, आबा?" हर्षदाने विचारलं.

आबांनी टेबलाखाली बोट दाखवलं. तिथे युरियाची रिकामी गोणी होती आणि तिच्यात जनता कोंबलेली होती. दोनशे बारा फॉर्म, घडी घालून.

शिरूर-दौंड रस्त्यावरच्या त्या गावात आबा एकवीस वर्षं सोसायटीचे चेअरमन होते. दर निवडणुकीला ते "लोकांची इच्छा असंल तर" म्हणत, आणि लोक हार घेऊन येत. यंदा, २००४ साली, साहेबरावांनी उघड शड्डू ठोकला होता. तेव्हा आबांनी नवीच टूम काढली. सभासदांचं मत गुपचूप घ्यायचं. नाव नाही, सही नाही. पाच प्रश्न, आणि प्रत्येकाला पाच उत्तरं: उत्तम, बरं, सांगता येत नाही, वाईट, अगदी वाईट. फॉर्म आबांच्या घरच्या पेटीत टाकायचे. पेटी लहान पडली म्हणे, म्हणून गोणी.

"आकडे नकोत," आबा म्हणाले. "डायरेक्टर लोकांना आकडं बघितलं की झोप येती. चित्र काढ. वाईट डावीकडं, चांगलं उजवीकडं. लांबून दिसलं पायजे." उजव्या अंगठ्याची चिंधी त्यांनी सारखी केली. "इळा लागला," त्यांनी न विचारताच सांगितलं.

हर्षदा सोसायटीची कॉम्प्युटर ऑपरेटर, पण हंगामी. साहेबराव चेअरमन झाले तर त्या खुर्चीवर त्यांची भाची मोनाली बसणार, हे गावाला माहीत होतं. मोनालीने तर खुर्चीची उशी शिवायलाही टाकली होती.

हर्षदाने शिरूरच्या क्लासवर मल्हार सरांना फोन लावला.

"सोपंय," सर म्हणाले. "वाईटाच्या आकड्यांना वजाचं चिन्ह लाव. पट्ट्या आपोआप मधल्या रेषेच्या डावीकडे जातात. मग वजाची खूण लपव. आकड्याच्या फॉरमॅटमध्ये शून्य, अर्धविराम, शून्य. लोक वजाला घाबरतात."

"आन् 'सांगता येत नाही'वाले?"

"त्यांचे दोन भाग कर. अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे. आपल्याकडं तेच जास्त निघतात, जागा मोठी ठेव."

हर्षदाने जागा मोठी ठेवली आणि ती रिकामी राहिली. ज्या गावात चहा घेणार का विचारलं तरी "बघू" म्हणतात, तिथे एकानेही मधल्या चौकोनात खूण केली नव्हती.

'गाव सुधारलं,' हर्षदा मनात म्हणाली.

मग तिने चार्ट काढला. कारभार, खतवाटप, सभेतलं भाषण, पुन्हा उभं राहण्याचा विचार. चारही पट्ट्या लालभडक होऊन पार डाव्या कडेला जाऊन भिडल्या होत्या. पाचवी पट्टी तेवढी हिरवीगार, उजवीकडे. आबांचा स्वभाव. दोनशे बारापैकी दोनशे बारा, उत्तम.

माणूस लाख, पण चेअरमन नको. हर्षदाला आबांची दया आली. थोडी स्वतःचीही आली.

तेवढ्यात आबांच्या पत्नीचा, सरूबाईंचा, फोन आला.

"पोरी, नीट मोज बरं का. एकवीस वर्सं हे दिसभर घराबाहेर हायेत, म्हणून संसार झाला आमचा. घरी बसले तर डाळीत मीठ किती टाकलं तेबी इचारतील. लोक नको म्हणले तरच मी ह्यांना घरी घेनार. पन तसं कशाला व्हईल? मी हार सांगून ठिवलाय."

"व्हय, आजी," हर्षदा म्हणाली आणि फोन ठेवला.

मग तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. चार ओळींतले डावे आकडे उजव्या रकान्यांत नेले, उजवे डावीकडे आणले. चार लाल पट्ट्या मावळल्या, चार हिरव्या उगवल्या. स्वभावाच्या ओळीला हात लावायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांची सभा अकराची. आबा दहालाच आले. हातात मासे धरायचा नवाकोरा गळ होता, लांब काठीचा. "पाव्हण्याचा हाय. दौंडला भीमेवर बसतो तो," म्हणत त्यांनी तो कपाटामागे उभा केला आणि चष्मा लावून स्क्रीनसमोर आले.

एकेका पट्टीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"उजवीकडं म्हंजी चांगलं ना?"

"व्हय, आबा."

"समदंच उजवीकडं?"

"समदंच. लोकांचा जीव हाय तुमच्यावर."

आबा मटकन खाली बसले. बाहेर रिक्षा थांबली. सरूबाईंचा आवाज आला, "अरं रिक्षावाल्या, हार चुरगाळंल, दमानं!"

आबा उठले, दाराला कडी घातली आणि हळू आवाजात म्हणाले, "पोरी, खरं सांग. तू फिरवलंस?"

हर्षदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं, आबा. तुमच्यासाठीच केलं."

आबांनी अंगठ्याची चिंधी सोडली. विळ्याची जखम कुठेच नव्हती. अंगठा मात्र पेन धरून धरून टोमॅटोसारखा सुजला होता.

"दोनशे बारा फॉर्म, पोरी. एकट्यानं भरलेत. फिरव आधी डावीकडं, ती हार घिऊन आत यायच्या आत. तुला कायम करायचा ठराव पैला घेतो, मग मी सुटलो."

हर्षदाने माउस धरला. आबांनी कपाटामागचा गळ काढला, खांद्यावर टाकून पाहिला आणि घसा खाकरला.

"आन् ऐक. सोभावाचं तेवढं ऱ्हाऊ दे."