शेवटचं कडवं

रेडिओ लावला की दीपमालेला बराबर मिरच्या वाटायच्या असतात. दिवसभर मिक्सर कोपऱ्यात तोंड मिटून बसलेला. साडेपाच वाजले की घर्रर्र.

"सून न्हाई, गिरणी आणली मी," चांगुणाबाई अंगणात जमलेल्या बायांना म्हणाल्या. बाया हसल्या. आत दीपमाला हसली नाही.

आजचा तिसरा रविवार, अन् शेवटचा. चांगुणाबाईंचं गाणं तीनदाच लागणार होतं आणि पहिल्या दोन वेळा कुणालाच ऐकू आलं नव्हतं. कार्यक्रम नव्या डिजिटल वाहिनीवर. साध्या रेडिओत तो नुसता खरखरायचा. म्हणून परतूरहून भाची प्रीतीला बोलावलं होतं. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिनं अंगठ्याएवढं एक यंत्र लॅपटॉपला खोचलं आणि खिडकीला तारेचं वेटोळं बांधलं.

"मावशी, आता हा लॅपटॉपच रेडिओ. हा दिवा हिरवा झाला की आवाज येईल. डिजिटलमधी अर्धवट काही न्हाई. आलं तर सगळं, न्हाई तर काहीच न्हाई."

"माझ्यासारखंच हाय मंग," चांगुणाबाई म्हणाल्या.

चाळीस वर्षांपासून दर जयंतीला त्या हे स्वतः रचलेलं गाणं म्हणत आल्या. शाळा दुसरीत सुटली. कागदावर अंगठा, शेत नवऱ्याच्या नावावर. पण गाणं करणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालायचं, ही रीत. जगात त्यांचं नाव होतं ते तिथंच. रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी घसा बसला आणि त्यांच्याऐवजी लेक मिथुन गायला गेला. तो एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात आहे, गायन पार्टीत पेटीही वाजवतो. "आई, तुझं गाणं तुझ्याच नावानं म्हणतो," म्हणाला. तेव्हापासून तीन आठवडे चांगुणाबाई घरोघरी लेकाचं कौतुक सांगत फिरल्या होत्या. आज त्याची ड्युटी होती.

दिवा लालच होता. निळ्या पडद्यावर पिवळ्या रेघा थरथरत होत्या.

"ह्या खरखरीच्या रेघा घरातल्याच यंत्रांच्या हायेत," प्रीती म्हणाली. "वहिनी, मिक्सर बंद करा."

मिक्सर थांबला. थोड्या रेघा गेल्या. तेवढ्यात दीपमालेनं फोन चार्जिंगला लावला.

"उतरलाय."

"उतरू दे! माणसाचा जीव उतरून राह्यला का?" चांगुणाबाई उठल्या, मीटरपाशी गेल्या आणि मेन स्विचच खाली ओढला. घर गप्प झालं. लॅपटॉप बॅटरीवर चालत होता.

पडदा स्वच्छ झाला. दिवा पिवळा झाला. आणि पुन्हा लाल.

"आता काय?" अंगणातून कुणीतरी विचारलं.

प्रीतीनं तार हलवली, बॉम्बशोधकासारखी खोलीभर नजर फिरवली. दीपमाला खिडकीत उभी राहून मच्छर मारायच्या रॅकेटनं हवा झोडपत होती.

"वहिनी, बटन सोडा बरं."

सोडलं. रेघ गेली.

"दाबा."

आली.

चांगुणाबाईंनी रॅकेट हिसकावून घेतली. "एवढं जळतंय तुझं? सासूचं नाव रेडिओवर येतंय म्हणून?"

"आत्या, ऱ्हाऊ द्या ना." दीपमालेचा आवाज खाली गेला. "गाणं तर तुमचंच हाय. ऐकलं काय, न ऐकलं काय."

"मी ऐकणार. तू बाहीर हो."

ती गेली नाही. दिवा हिरवा झाला.

मिथुनचा आवाज इतका स्वच्छ आला, की त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. बायांनी टाळ्या धरल्या. चांगुणाबाईंचे ओठ प्रत्येक ओळीला हलत होते. शेवटचं कडवं आलं, तसा त्यांनी पदर नीट केला आणि मान वर केली.

*म्हणे मिथुन हा, लेकी, पाटी पुसू नको गं…*

टाळ्या एकेक करून थांबल्या. गाणं संपलं, निवेदिकेनं कवी आणि गायक म्हणून एकच नाव सांगितलं. प्रीतीनं लॅपटॉप मिटला. 'चांगुणा'च्या जागी 'मिथुन' बसवताना मात्रा भरायला घातलेला तो 'हा' चांगुणाबाईंच्या कानात राहिला.

"कधीपासून ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

"रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवसापासून," दीपमाला म्हणाली. "तुम्ही बाहीर होत्या तवा घरातच बसवलं त्यांनी आपल्या नावाचं कडवं. मला वाटलं, तुमच्या कानावर जायला नको."

चांगुणाबाईंनी तिच्याकडं पाहिलं.

"त्यानं माझं नाव खोडलं, दीपमाला. पण तीन आठवडे मी दारोदार त्याची वाहवा सांगत हिंडले, अन् तू मला हिंडू दिलं. चोरापरीस तू वाईट."